जुनी ऑडी ए६ क्वात्रो घेताय? किलोमीटर नंतर बघा, आधी गिअरबॉक्सचं बिल मागा

छत्रपती संभाजीनगरात जुन्या गाड्यांच्या बाजारात चक्कर मारली की एखादी तरी ए६ उभी दिसतेच. शहराचा आणि या गाडीचा संबंध जुना आहे. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात २००१ पासून गाड्या जुळतात आणि २००७ च्या अखेरीपासून ऑडीची ए६ही तिथेच जुळायला लागली. (२०१० मध्ये याच शहरातल्या मंडळींनी एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा मोठ्या गाडीची हौस इथे नवी नाही.) पंधरा वर्षांपूर्वी ज्या गाडीकडे लोक वळून बघायचे, ती आज नव्या मध्यम एसयूव्हीपेक्षा कमी पैशात मिळते. मोह होतो तो इथेच.

हा रिव्ह्यू २०११ मध्ये आपल्याकडे आलेल्या सी७ पिढीच्या ३.० टीडीआय क्वात्रोचा आहे. टीडीआय म्हणजे टर्बो डिझेल, क्वात्रो म्हणजे चारही चाकांना ओढ. याच अंगाची २.० टीडीआय पुढच्या दोन चाकांवर चालते. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत मल्टिट्रॉनिक म्हणजे सीव्हीटी, ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स होता. दलाल दोन्हींना सरसकट ‘ए६ डिझेल ऑटोमॅटिक’ म्हणतो, म्हणून आरसीवर सीसी वाचा. २९६७ असेल तर व्ही६, १९६८ असेल तर छोटं इंजिन.

चालवायला गाडी आजही पहिल्या दर्जाची आहे, यात वाद नाही. २४५ घोड्यांची ताकद, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा एस-ट्रॉनिक, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्यातून शंभरला कंपनीचा आकडा ६.१ सेकंद, आणि तोही पावणेदोन टनांच्या घरातल्या गाडीचा. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला इंजिन इतकं निवांत असतं की मागे बसलेल्यांना झोप लागते. महामार्गावर लिटरला बारा-तेरा आणि शहरात आठ-नऊ धरून चाला. विकणारा सतरा-अठरा सांगेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता चार चाकांच्या ओढीबद्दल. ‘फोर व्हील आहे साहेब, शेतातपण जाईल’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाणारच. जाणार नाही. क्वात्रोमध्ये गिअरबॉक्सच्या आत एक मधलं डिफरन्शियल असतं. एरवी ते ४० टक्के ताकद पुढे आणि ६० टक्के मागे देतं. एका बाजूची पकड सुटली की मागे ८५ पर्यंत किंवा पुढे ७० पर्यंत सरकवतं. हे काम दात्यांचं आणि क्लचच्या चकत्यांचं, म्हणजे निव्वळ मेकॅनिकल आहे. चाक घसरल्याचं कळून मग हुकूम सुटतोय, असला प्रकार नाही. पण ही सगळी हुशारी टायरला थोडी तरी पकड असेल तरच चालते. आपली काळी माती ओली झाली की रस्त्याच्या टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायरचा नुसता गुळगुळीत गोळा होतो. मग दोनऐवजी चार चाकं जागेवर फिरतात, बसकं पोट सरीवर टेकतं, इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर क्लिपांसकट निघून येतं आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

क्वात्रोचं खरं मोल डांबरावर कळतं. एकेरी रस्त्यावर समोरून ट्रॅव्हल्स आली आणि डावी दोन चाकं ओल्या साईडपट्टीवर उतरवावी लागली, की परत वर येताना दोन चाकांची गाडी एक हिसका देते. ही देत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेताची माती डांबरावर येते, तिच्यावर पावसाची एक सर पडली की साबण फासल्यासारखा रस्ता होतो. तिथे ओव्हरटेक करताना दाबलेली ताकद चारही चाकांत वाटली जाते, शेपूट हलत नाही. कन्नडच्या घाटातल्या ओल्या वळणांवरही तोच अनुभव येतो. मात्र ब्रेक लावताना क्वात्रोचा काडीचा उपयोग नाही. थांबायला जेवढं अंतर साध्या गाडीला लागतं तेवढंच हिलाही लागतं, वजनामुळे कधी जास्तच. पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर तरंगले तर चारही एकदमच तरंगतात.

खर्चाचा मोठा वाटा गिअरबॉक्समध्ये आहे. दोन ओले क्लच, म्हणजे तेलात बुडालेल्या चकत्या, आणि त्यांना चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट. गिअरबॉक्सच्या अंगातच तेलाचे दोन वेगळे कप्पे आहेत. क्लच आणि मेकॅट्रॉनिकचं तेल साधारण सात लिटर. गिअर, मधलं आणि पुढचं डिफरन्शियल यांचं वेगळं, सव्वाचार लिटरच्या आसपास. मागच्या डिफरन्शियलमध्ये जेमतेम लिटरभर. क्लचचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. आधी मागायचं बिल ते याच कामाचं. ‘सीलबंद आहे, आयुष्यभर बदलायचं नाही’ असं कुणी म्हटलं तर तो दोन कप्प्यांची गल्लत करतोय किंवा त्याला गाडी लवकर खपवायची आहे.

तेल बदलण्याचीही पद्धत आहे. गाडी पूर्ण सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, स्कॅनर जोडलेला. गिअर एकेक करून फिरवून परत पार्कवर आणायचा आणि तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मधे असतानाच लेव्हलचा बोल्ट उघडायचा. तेल बारीक धारेने निघून थांबलं की लेव्हल बरोबर. इथे आपल्या हवेची अडचण येते. मे महिन्यात परभणी-नांदेडला दुपारी सावलीतच ४२-४३ असतं. गाडी चालवत नेली तर तेल आधीच साठच्या पुढे गेलेलं असतं, ते फुगलेलं असतं, आणि अशा वेळी लेव्हल पाहिली की थंड झाल्यावर तेल कमी भरतं. कमी तेलावर क्लच तापतो, तापलेला क्लच झटके देतो. म्हणून हे काम सकाळी पहिल्या नंबरला, रात्रभर उभ्या गाडीवर करून घ्या. मेकॅनिक स्कॅनर न लावता बोल्ट उघडायला निघाला तर चावी परत घ्या.

झटके कुठले, हे ओळखायला शिका. सकाळी पहिल्यांदा डी टाकल्यावर अर्धा सेकंद थांबून हलका धक्का बसला तर घाबरायचं कारण नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने सरकताना अंग थरथरलं, रिव्हर्स पडायला वेळ लागला, किंवा डिस्प्लेवरची गिअरची अक्षरं उजळून लुकलुकायला लागली, तर तो मेकॅट्रॉनिकचा निरोप असतो. आतल्या सेन्सरच्या पट्टीत बिघाड झाला की सम किंवा विषम गिअर गायब होतात आणि गाडी अर्ध्या गिअरबॉक्सवर घरी येते. बहुतेक वेळा ती पट्टी दुरुस्त होते, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागत नाही. ‘पूर्ण बॉक्स गेला’ हे ऐकल्यावर दुसऱ्या जाणकाराकडून स्कॅन करून घ्या आणि एरर कोडचा कागद हातात मागा.

सवयीही सुधाराव्या लागतात. चढावर सिग्नलला गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक धरा. तोलताना क्लचच्या चकत्या घासत राहतात आणि सगळी उष्णता तेलात जाते. जालना रोडच्या गर्दीत हातहातभर सरकण्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदा नीट पुढे जा.

टायरचा हिशेब मात्र कुणी नीट समजावून सांगत नाही. गाडीला २४५/४५ आर१८ टायर असेल तर नव्याचा घेर सुमारे २१३ सेंटिमीटर. नवा टायर ८ मिलिमीटर खाचेचा, झिजलेला कायद्याच्या काठावर म्हणजे १.६ चा. फरक ६.४ मिलिमीटर, पण घेरात तोच ४ सेंटिमीटर होतो. मागे दोन नवे आणि पुढे दोन जुने टाकले तर पुढची चाकं दर किलोमीटरला नऊ फेरे जास्त फिरतात. अडीचशे किलोमीटरच्या एका प्रवासात सव्वादोन हजार फेरे. हा सगळा फरक ते मधलं डिफरन्शियल पोटात घेतं, सरळ रस्त्यावरही, तासन् तास. म्हणून एक टायर फाटला की एकाच नव्यावर भागत नाही. उरलेल्या तिघांपेक्षा त्याची खाच दोन-तीन मिलिमीटरहून जास्त नको. नाहीतर चारही बदला, किंवा त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा, तेवढाच झिजलेला टायर शोधा. गेज नसेल तर चाक जॅकवर उचलून शिंप्याचा टेप मधोमध गुंडाळा, चारही आकडे कागदावर लिहा. आकडे शेजारी शेजारी मांडले की विकणाऱ्याची टायरबद्दलची सगळी भाषणं संपतात.

एक चाक किंवा एकच ॲक्सल जॅकवर असताना गाडी कधीही गिअरमध्ये टाकू नका. जमिनीवरची चाकं ओढायला लागतात आणि गाडी जॅकवरून उतरते. टायरमधली हवा थंड असतानाच बघा. आकडे ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर किंवा डिझेलच्या झाकणाआत लिहिलेले असतात. समृद्धीच्या काँक्रीटवर तासभर पळून आल्यावर वाढलेली हवा बघून ती कमी करणारे फार आहेत. टायर थंड झाला की हवा कमी पडते, कडा झिजतात, आणि पुढच्या उन्हात तोच टायर फुटायला मोकळा होतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी आहे. म्हणजे चेनचं काम निघालं की इंजिन-गिअरबॉक्स वेगळं करणं आलं, मजुरीच भागापेक्षा जास्त. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला सांगा, सकाळपासून चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत फिरा, कारण थंड इंजिनावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत होणारी खडखड लपवायची ही सर्वांत जुनी युक्ती आहे. तेल ५डब्ल्यू-३० आणि डब्यावर व्हीडब्ल्यू ५०७ ०० असं छापलेलं हवं, सुमारे साडेसहा लिटर. डिपस्टिक शोधत बसू नका, नाहीये. तेलाची पातळी स्क्रीनवरच्या मेनूत बघायची, इंजिन गरम करून, सपाट जागेवर. डिझेल कायम वाहत्या, गर्दीच्या पंपावर भरा. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. पाणी शिरलं तर पंप झिजून धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. फिल्टर दर २०-२५ हजारांवर बदलायला काय हरकत आहे? गाडी फक्त गावातल्या गावात फिरवणार असाल तर डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, काजळीने भरत जाईल. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं महामार्गावर एका वेगाने पळवा, जळून साफ होतो. आणि सरकी-कापसाच्या भागातली गाडी असेल तर एसीच्या कंडेन्सरमागे साचलेली रुईधूळ काढून घ्या. कमी एसीची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

काही गाड्यांना एअर सस्पेन्शन आहे. गतिरोधकापाशी लिफ्ट दाबलं की गाडी दोनेक सेंटिमीटर उचलते, तेवढ्यानेही बंपर वाचतो. पण रबराची हवेची पिशवी या वयाला गळायला लागते. रात्री चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही कोपरे मोजा, सकाळी परत मोजा. एक कोपरा बोटभर खाली आला असेल तर पिशवी गळतेय आणि तो दाब भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर राबतोय. थोड्या दिवसांत तोही जाणार.

कागदपत्रांचं बघा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे आल्या. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच-२० किंवा एमएच-२६ चा नवा नंबर धरून मगच किंमत ठरवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ ला फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्याच गळ्यात पडणार, विकणाऱ्याच्या नाही.

आणि गाडी बंद पडली तर टोईंगवाल्याला फोनवरच सांगा, फ्लॅटबेड पाठवा, चारही चाकं वर हवीत. पुढची चाकं उचलून मागची फिरवत नेली तर मधलं डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स तेलाच्या दाबाविना फिरत राहतात. इन्शुरन्सच्या रोडसाइड असिस्टन्समध्ये फ्लॅटबेड आहे का, हे पॉलिसी घेतानाच विचारून ठेवा. बीड-गेवराईच्या मधे रात्री अकराला हुकवाली क्रेन आली आणि ड्रायव्हर ‘काही होत नाही, पुढनं उचलतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि तसाच माघारी पाठवा.