रक्तवाहिन्यांचे दोन कारभारी: सिम्पथेटिक चेतातंतू आणि नायट्रिक ऑक्साइड

झोपेतून उठून झटकन उभे राहिलात, की अर्धा लिटरभर रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओसरतं. तरी सहसा भोवळ येत नाही. हे श्रेय सिम्पथेटिक चेतातंतूंचं, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या एका चेतासंस्थेच्या तंतूंचं. मानेतल्या धमनीतून दाब घसरल्याची वर्दी मेंदूला जाते, तंतूंच्या टोकांतून नॉरएड्रेनॅलिन हे रसायन सुटतं आणि काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळतात.

नायट्रिक ऑक्साइडचं काम नेमकं उलट, आणि जागच्या जागी. वाहतं रक्त धमनीच्या अस्तराला घासतं, तशा तिथल्या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू बनवतात. तो शेजारच्या स्नायुपेशीत झिरपतो आणि ती सैलावते. आयुष्य म्हणाल तर जेमतेम काही सेकंद, त्यामुळे सतत ताजा बनवावा लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवलं, की अस्तर खरवडलेली धमनी, एरवी तिला सैल करणारं अ‍ॅसिटिलकोलीन देऊनही सैलावत नाही. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ म्हणजे साधा वायू, हे कळायला मात्र आणखी काही वर्षं गेली! १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना मिळालं.

तातडीच्या वेळी तंतूच सरस, यात वाद नाही. पण एरवीचा दाब आटोक्यात ठेवण्यात मी नायट्रिक ऑक्साइडला कमी लेखणार नाही: त्याची निर्मिती औषधाने रोखली, तर निवांत पडलेल्या माणसाचाही रक्तदाब चढतो. शिवाय हे दोघे पुरते वेगळेही नाहीत. मेंदूच्या काही भागांत हाच वायू सिम्पथेटिक तंतूंना लगाम घालतो.