नॉयश्वानस्टाइनच्या सहलीत आमची झालेली फसवणूक

म्युनिकमध्ये शिकायला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हाची म्हणजे ऑक्टोबर २०१९ मधली ही हकीकत आहे. पुढे तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी ती वाचून वेळीच सावध व्हावे, या कळकळीने ती लिहीत आहे.

भारतीय विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सअॅप गटावर नॉयश्वानस्टाइन किल्ल्याच्या एका दिवसाच्या सहलीचा संदेश आला होता. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये बांधायला घेतलेला हा डोंगरावरचा पांढराशुभ्र राजवाडा पाहायचा, हे आम्ही चौघी मैत्रिणींनी पुण्यातच ठरवून ठेवले होते. संदेश पाठवणाऱ्याने रेल्वेभाडे आणि किल्ल्याचा प्रवेश मिळून माणशी ४० युरो सांगितले. मी मराठीतून चौकशी केल्यावर त्याने "अगं, मी पण पुण्याचाच" असे लिहिले आणि त्या एका वाक्यानंतर आम्ही त्याला दादा म्हणू लागलो. पैसे पेपालवरून 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय निवडूनच पाठवा, म्हणजे शुल्क कापले जाणार नाही, असे त्याने बजावले होते. या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीदारासाठी असलेले संरक्षण, म्हणजे फसवणूक झाल्यास पैसे परत मागण्याची सोय, मिळत नाही, ही गोष्ट आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. आज मला वाटते की, साऱ्या प्रकारात आमची सर्वांत महागात पडलेली चूक हीच होती.

आदल्या रात्री अकराच्या सुमारास त्याने बायर्न-टिकेटची पीडीएफ पाठवली. या एका तिकिटावर जास्तीत जास्त पाच जणांना बव्हेरियाभर दिवसभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता येते, त्यामुळे विद्यार्थी नेहमीच एकमेकांना सोबत घेऊन जातात आणि त्याच्या बोलण्याचा आम्हाला संशय आला नाही. तिकिटावर एक अनोळखी नाव होते. त्याबद्दल विचारले असता, "ते ग्रुप लीडरचं नाव आहे, नाव कोणी बघत नाही," असे उत्तर आले. वास्तविक या तिकिटावर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहिणे बंधनकारक असते आणि हा नियम तिकिटावरच छापलेला होता. तो जर्मनमध्ये होता, म्हणून आम्ही तो वाचलाच नाही.

सकाळी किल्ल्याजवळच्या फ्यूसेन शहराच्या गाडीत बसल्यावर "मी पुढच्या डब्यात आहे, उतरल्यावर भेटू" असा त्याचा संदेश आला. बुखलोए स्थानक मागे पडल्यावर तिकीट तपासनीस आले. त्यांनी माझ्या मोबाइलवरचा कोड तपासला, माझे ओळखपत्र मागितले, नाव जुळत नाही हे पाहिले आणि शांतपणे सांगितले की, हेच नाव असलेले हेच तिकीट त्यांनी आत्ताच पुढच्या डब्यातल्या तीन मुलांकडेही पाहिले आहे. ती मुलेही भारतीयच होती आणि त्यांनीही त्याच माणसाला पैसे दिले होते. दादाला फोन लावला तर तो बंद होता, आणि पाहता पाहता व्हॉट्सअॅपवरचा त्याचा फोटोही दिसेनासा झाला. विनातिकीट प्रवासाबद्दल प्रत्येकीला ६० युरोंचा दंड झाला. पासपोर्टवरचा तपशील लिहून घेतला जात असताना आता व्हिसावर परिणाम होईल, या भीतीने माझी एक मैत्रीण रडू लागली आणि तिला समजावताना माझाही आवाज कापत होता.

तरीही किल्ल्याचा प्रवेश खरा असेल, या आशेने आम्ही फ्यूसेनहून बसने किल्ल्याच्या पायथ्याच्या होहेनश्वांगाऊ गावाला गेलो. किल्ला आतून फक्त मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतो, प्रत्येक तिकिटावर आत जाण्याची ठरलेली वेळ असते आणि ती चुकली की तिकीट वाया जाते, म्हणून आम्ही पायथ्याच्या तिकीट केंद्राकडे अक्षरशः धावत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी त्याने दिलेला आरक्षण क्रमांक दोनदा टाइप करून पाहिला आणि मान हलवली. असा क्रमांकच नव्हता, आणि त्या दिवसाची तिकिटेही संपली होती. राजाच्या आईचे नाव दिलेल्या मारियनब्र्यूके या दरीवरच्या पुलावर चढून आम्ही किल्ला लांबून पाहिला आणि कोणीही फोटो काढला नाही.

म्युनिकला परतल्यावर पोलीस चौकीत रीतसर तक्रार नोंदवली. संदेशांचे आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट मी गाडीतच काढून ठेवले होते, त्यांचा तिथे उपयोग झाला. पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

मे २०२३ पासून जर्मनीत डॉइचलांडटिकेट हे मासिक तिकीट सुरू झाले आहे. ते एकाच व्यक्तीच्या नावावर असते आणि दुसऱ्या कोणालाही वापरता येत नाही. तरीही गेल्या महिन्यात माझ्या ओळखीच्या एका मुलीला, जी नुकतीच नाशिकहून म्युनिकला गेली आहे, ते तिकीट निम्म्या किमतीत देऊ करणारा संदेश आला. पैसे पाठवण्याआधी तिने तो मला दाखवला. त्यात शेवटी लिहिले होते, "नाव कोणी बघत नाही." मी तिला लगेच फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी तिने आपले तिकीट रेल्वेच्या अधिकृत अॅपवरून स्वतःच्या नावाने घेतले.