फ्रीकॅड १.० चा स्केचर: आकृती बरोब्बर मधोमध बसवताना

८० बाय ५० मिमीची प्लेट, चार कोपऱ्यांत एम५ बोल्टसाठी ५.५ मिमीचे होल आणि मधोमध २० मिमीचा एक होल. साकीनाका, मरोळ, गोरेगावच्या जॉबशॉपमध्ये अशी प्लेट रोज कापली जाते. फ्रीकॅड या कॅड (कॉम्प्युटरवर पार्ट डिझाइन करायच्या) सॉफ्टवेअरचा स्केचर, म्हणजे सपाट आकृती काढायचा भाग, किती कामाचा आहे हे बघायला हा एवढा जॉब पुरेसा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली आणि फुकट मिळणारं हे सॉफ्टवेअर छोट्या वर्कशॉपने मनावर घ्यावं असं झालं.

प्लेट मधोमध आणण्याची सर्रास चालणारी चुकीची पद्धत आधी बघू. रुंदीला ८० चं डायमेन्शन देतात आणि ओरिजिनपासून (जिथे दोन्ही अक्ष छेदतात त्या शून्य बिंदूपासून) डाव्या कडेपर्यंत ४० देतात. दिसायला सगळं बरोबर. मग गिऱ्हाईक रुंदी ९० करायला सांगतं. ८० चे ९० केले जातात, ४० तसेच राहतात. उजवी कड ५० वर जाते, मधला होल ओरिजिनवरच राहतो आणि प्लेटच्या खऱ्या मध्यापासून ५ मिमी सरकलेला असतो. स्क्रीनवर हे पटकन डोळ्यात भरत नाही, प्लेट कापून आल्यावरच कळतं. लॉक कन्स्ट्रेंटनेही (कन्स्ट्रेंट म्हणजे आकृतीला घातलेली अट) हेच होतं, कारण तोही ओरिजिनपासूनची दोन अंतरंच धरून ठेवतो.

इथे खरं काम सिमेट्रिक कन्स्ट्रेंटचं, म्हणजे दोन बिंदू मध्यापासून सारख्या अंतरावर धरणाऱ्या अटीचं. साधा आयत काढला की चार डिग्री ऑफ फ्रीडम (अजून न ठरलेल्या गोष्टी) उरतात: जागेच्या दोन, रुंदीची एक, उंचीची एक. आता समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, शेवटी ओरिजिन निवडा आणि कीबोर्डवर एस दाबा. क्रम लक्षात ठेवा, मध्य ठरवणारा बिंदू शेवटी. जागेच्या दोन्ही डिग्री एका फटक्यात जातात. मग ८० आणि ५० दिले की आकृती हिरवी होते, म्हणजे काहीच सुटं राहत नाही. पुढे रुंदी कितीही बदला, दोन्ही बाजू सारख्याच सरकतात. सेंटर्ड रेक्टँगल टूल घेऊन पहिली क्लिक ओरिजिनवर केली तरी हेच साधतं, फक्त क्लिक खरंच ओरिजिनला चिकटली ना ते बघा: डायमेन्शन देण्याआधी सॉल्व्हरने (अटी तपासणाऱ्या भागाने) दोनच डिग्री दाखवायला हव्यात.

नवशिके अडकतात ते कर्णाऐवजी अक्ष धरून मध्य साधायला गेल्यावर. वरचे दोन कोपरे निवडून उभ्या अक्षाभोवती सिमेट्रिक लावलं की रिडंडंटचा, म्हणजे तीच अट दोनदा घातल्याचा, इशारा येतो. हे का होतं ते सॉफ्टवेअर सांगत नाही आणि ही त्याची मोठी उणीव आहे. उभ्या अक्षाभोवतीची सिमेट्री दोन गोष्टी सांगते: दोन्ही बिंदू अक्षापासून सारख्या अंतरावर हवेत आणि एकाच उंचीवर हवेत. एकाच उंचीवर असण्याची अट वरच्या कडेवरच्या हॉरिझॉन्टलने (कड आडवी ठेवणाऱ्या, आयतासोबत आपोआप आलेल्या कन्स्ट्रेंटने) आधीच घातलेली असते. तेव्हा तो हॉरिझॉन्टल काढून टाकायचा. उजव्या कडेला आडव्या अक्षाभोवती सिमेट्रिक लावताना तिथला व्हर्टिकलही याच कारणाने काढावा लागतो. दोन कन्स्ट्रेंट लावा, दोन काढा, त्यापेक्षा कर्णावरचे दोन कोपरे आणि ओरिजिन हा रस्ता कितीतरी सरळ. आणि ऑटो रिमूव्ह रिडंडंट्स चालू असेल तर जास्तीचा कन्स्ट्रेंट गुपचूप निघून जातो, कुठला गेला ते माणसाला कळत नाही. शिकताना ते बंदच ठेवा.

चार होलसाठी कन्स्ट्रक्शन रेषांचा (फक्त आधाराला काढलेल्या, पार्टमध्ये न येणाऱ्या रेषांचा) दुसरा आयत काढा, ओरिजिनभोवती तसाच सिमेट्रिक करा, ६४ आणि ३४ द्या, म्हणजे प्रत्येक होलचा मध्य कडेपासून ८ मिमी आत येतो. त्याच्या कोपऱ्यांवर वर्तुळांची केंद्रं ठेवा, चारही वर्तुळांना इक्वल लावा आणि व्यास एकाच वर्तुळाला द्या. याहून चांगलं म्हणजे ६४ आकडा न टाकता फॉर्म्युला टाका. बाहेरच्या रुंदीच्या कन्स्ट्रेंटला नाव द्या आणि आतल्या डायमेन्शनमध्ये ते नाव उणे १६ मिमी लिहा. मग ९० केलं की होल आपोआप ७४ वर जातात. या कामात फ्रीकॅड खरोखर मनापासून आवडतं.

एखाद्या कडेच्या मध्यावर होलचं केंद्र हवं असेल तर कड निवडा, मग केंद्र निवडा आणि पुन्हा एस. सॉलिडवर्क्स आणि फ्यूजन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये यासाठी मिडपॉइंट आहे आणि सिमेट्रीसाठी मधली रेषा लागते. फ्रीकॅडचं एकच टूल बिंदूभोवतीही चालतं आणि रेषेभोवतीही, हे मला जास्त सोयीचं वाटतं. चूक समजावून सांगण्यात मात्र ती दोन्ही पुढे आहेत.

आधीच्या पार्टच्या फेसवर (सपाट पृष्ठावर) मध्य धरायचा असेल तर त्याच्या कडा एक्सटर्नल जॉमेट्री या टूलने स्केचमध्ये आणाव्याच लागतात, नुसत्या दिसतात म्हणून त्यांना कन्स्ट्रेंट लागत नाही. मॉडेल बदलल्यावर हे संदर्भ तुटण्याचा जुना त्रास १.० मध्ये बराच कमी झाला आहे, तरी शक्य तिथे ओरिजिनच धरलेला बरा. जाडीही मध्यावर हवी असेल तर पॅडमध्ये (स्केचला जाडी देणाऱ्या टूलमध्ये) सिमेट्रिक टू प्लेन निवडा.

कन्स्ट्रक्शन रेषा डीएक्सएफमध्ये (कटिंगवाल्याला द्यायच्या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये) जात नाहीत, त्यामुळे होलसाठीचा आतला आयत लेझरवर कापला जाण्याची भीती नाही. पण तो साध्या रेषांतच राहून गेला तर कटिंगवाला दिलेली फाइल जशीच्या तशी कापतो आणि होलच्या मधून चौकोन कापला जातो. एक्सपोर्टच्या आधी त्या चार रेषांना कन्स्ट्रक्शनचा रंग आलाय का ते बघा.