रुंद दारं की आरपार डबे?

आमच्या बेळगावची बरीच पोरं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर गाठतात आणि मग तिथं मेट्रोत चेंगरतात, म्हणून हा विषय, मेट्रोतली गर्दी हलवायला रुंद दारं बरी की आरपार डबे. न्यूयॉर्कनं मेट्रोच्या नव्या आर २११ गाड्यांत दार ५० इंचांवरून ५८ इंच केलं, आणि २०२४ पासून काही गाड्यांचे डबे आतून आरपार जोडलेत. आरपारमुळं गर्दीला शेवटाकडं सरकायला वाट मिळते, जोडाची जागाबी उभं राहायला मिळते, बेंगळूरला हे आधीपासूनच हाय पण मॅजेस्टिक स्टेशनला दारातला खोळंबा काय सुटत नाही बघा, उतरणारे आत अडकलेले आणि चढणारे पाठीवरची बॅगबी न काढता घुसायलेत. रुंद दारानं चढउतार पटकन होते, गाडी कमी थांबते, म्हणजे पुढची गाडीबी लवकर आत घेता येते. सीटा थोड्या जातील, जाऊ देत की. माझं मत दाराला, आरपार असलं तरी गर्दीत शेवटच्या डब्यापर्यंत चालत जातंय कोण?