डिस्कचा डबा उघडला तेव्हा

परवा घरातल्या सगळ्या डिस्क एकेक करून लावून पाहिल्या. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डीव्हीडी बहुतेक ठणठणीत निघाल्या. घरी बर्न केलेल्यांनी मात्र दगा दिला. भाचीच्या पहिल्या पावलांची डीव्हीडी-आर (घरी बर्न करायची कोरी डीव्हीडी) तिसऱ्या पावलापर्यंत नीट चालली, मग चित्राचे चौकोन झाले आणि प्लेअर नुसताच घरघरत बसला. ओरखडा एकही नाही! विकतच्या, कारखान्यात छापलेल्या डिस्कवर माहिती बारीक खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते. डीव्हीडी-आरवर ती सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि ऊन-उष्णतेनं तो रंग बिघडतो. मी ती ठेवली होती खिडकीलगतच्या उघड्या फळीवर, म्हणजे दोष माझाही.

डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कवर मी जास्त खूश आहे. तिचा माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमीवर असतो (डीव्हीडीत ०.६), म्हणून वर कडक लेप देतात. माझ्या धसमुसळ्या हातांतही ती टिकलीय. कोरी घेताना तेवढं वेष्टन वाचा: ‘एलटीएच’ लिहिलेली नको, तिच्यातही सेंद्रिय रंगच. भाचीचं उरलंसुरलं चित्रण आता ब्लू-रेवर उतरवलंय, दोन प्रतींत, आणि डबा कपाटाच्या आत.