विमानांच्या इंधनप्रणालीवरील एक बाजार अहवाल : सील बनवणाऱ्याचे मत

भोसरीतील आमच्या लहान कारखान्यात रबराची सील आणि ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल कडी, तयार होतात. विमानांच्या इंधनप्रणालीसाठी माल बनवण्याकडे वळावे की नाही, हे ठरवण्यासाठी आम्ही या बाजारपेठेचा एक महागडा अहवाल विकत घेतला. अहवाल काढणाऱ्या कंपनीचे नाव येथे देत नाही.

मागणीचे प्रकरण चांगले आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तिचा पंप, झडपा आणि टाकीतील इंधन मोजणारे प्रोब यांच्या खपाशी असलेला संबंध त्यात नीट उलगडला आहे. ईटनने २०२१ मध्ये कोभम मिशन सिस्टिम्स आणि पार्कर हॅनिफिनने २०२२ मध्ये मेगिट विकत घेतल्याची नोंदही उपयोगाची आहे, कारण मोठे पुरवठादार एकत्र आले की आमच्यासारख्यांना माल दाखवायला दारे कमी उरतात.

मात्र सगळी वाढ विमानांच्या संख्येवरून मोजली आहे, हे मला पटले नाही. या क्षेत्रात नियमही मागणी निर्माण करतात. १७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीच्या ८०० क्रमांकाच्या उड्डाणातील बोइंग ७४७ च्या मधल्या टाकीत इंधनवाफेचा स्फोट होऊन २३० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेने टाकीतील वाफेची ज्वालाग्राहिता कमी करण्याचा नियम केला आणि टाकीत नायट्रोजन सोडून ऑक्सिजनचे प्रमाण खाली ठेवणारी यंत्रणा नव्या विमानांबरोबरच सेवेतील अनेक जुन्या विमानांतही बसवावी लागली. एवढ्या मोठ्या बाजाराची बोळवण अहवालाने एका ओळीत केली आहे.

सर्वांत मोठी निराशा शाश्वत विमान इंधनाच्या, म्हणजे खनिज तेलाऐवजी टाकाऊ तेल, शेतमाल अशा स्रोतांपासून बनवलेल्या इंधनाच्या, प्रकरणाने केली, कारण आमचा प्रश्न नेमका तिथेच होता. नेहमीच्या केरोसिनमधील अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे वलयाकार रेणूंच्या, घटकांमुळे नायट्राइल रबराची सील फुगून घट्ट बसते. अशा अनेक शाश्वत इंधनांत हे घटक जवळजवळ नसतात, त्यामुळे जुने सील आकसून गळती होण्याचा धोका असतो. अशा इंधनाचे मिश्रण सध्या ५० टक्क्यांपर्यंतच मान्य असण्यामागे हेही एक कारण आहे. युरोपीय संघात २०२५ पासून २ टक्के मिश्रण बंधनकारक झाले असून २०५० साठी ७० टक्क्यांचे लक्ष्य आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्क्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या सहभागातून तयार झालेले असे मिश्र इंधन वापरून मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली प्रवासी उड्डाणही झाले. तरीही अहवाल या इंधनाच्या किमतीपलीकडे जात नाही आणि सीलच्या सामग्रीबद्दल अवाक्षरही काढत नाही. आम्ही लेखी विचारणा केली, तेव्हा त्याच प्रकरणाची पाने पुन्हा पाठवण्यात आली.

गुंतवणूकदाराला बाजाराचा आवाका कळावा, इतपत हा अहवाल ठीक आहे. सुटे भाग बनवणाऱ्याने मात्र एवढे पैसे यावर घालू नयेत. आम्ही आता फ्लोरोसिलिकोन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे नमुने कमी अ‍ॅरोमॅटिक इंधनात बुडवून तपासून घेणार आहोत.