नाकानोला घेतलेला जुना गोलायन (खेळण्यातला रोबो), एक महिना वापरून (म्हणजे बघून)

टोकियोत निशी-कासाईला राहायचा एक फायदा आहे जो घर बघताना कुणी सांगत नाही. मेट्रोची तोझाई लाईन पकडायची आणि गाडी न बदलता सरळ नाकानो. फक्त झोप काढू नका, काही गाड्या तिथे न संपता पुढे मिताकाला जातात, मी एकदा गेलोय.

नाकानोला उत्तरेच्या बाजूने बाहेर पडलं की समोरच सनमॉल, म्हणजे वर छप्पर असलेली बाजाराची गल्ली, आणि ती संपते तिथे नाकानो ब्रॉडवे. १९६६ ची इमारत, खाली दुकानं आणि वर लोक चक्क राहतात. एस्कलेटर पहिल्यावरून थेट तिसऱ्या मजल्यावर नेतो, दुसरा मजला गाळून, का ते माहीत नाही पण पहिल्या वेळी सगळेच गंडतात. इथेच १९८० मध्ये मांदाराके नावाचं जुन्या कॉमिक्सचं छोटंसं दुकान निघालं आणि आता त्यांचे गाळे या इमारतीत सगळीकडे पसरलेत, एकात फक्त कार्टूनसाठी सेल्युलॉइडवर रंगवलेली मूळ चित्रं, एकात फक्त बाहुल्या असा प्रकार. जुनी खेळणी बघायची तर चौथ्या मजल्यावर हेनया, लाल तोरी कमानीतून आत जायचं, देवळात चाललोय असंच वाटतं. बारा वाजल्याशिवाय जाऊ नका, शटर बघून परत याल.

आता मुद्द्याचं. मला १९८१ चा पॉपी कंपनीचा डीएक्स (म्हणजे डीलक्स) गोलायन हवा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाच सिंह आणि पाचही जोडले की एक रोबो. काळा सिंह धड, लाल उजवा हात, हिरवा डावा हात, निळा उजवा पाय, पिवळा डावा पाय. जपानात याची कार्टून मालिका बेताचीच चालली, पण १९८४ ला अमेरिकेत व्होल्ट्रॉन नावाने गेली आणि तिथे पोरं वेडी झाली, म्हणून आज याच्यामागे जपान्यांइतकेच परदेशी लोक लागलेले असतात आणि भाव काय असेल ते तुम्ही समजून घ्या. मी आकडा लिहीत नाही, हे घरात वाचलं जातं.

खरं तर आधी मी एक ऑनलाईन मागवला होता. विक्रेत्याचं नाव नको. फोटो झकास, खाली लिहिलेलं ‘पूर्ण सेट’. खोका उघडला तर एक तलवार गायब आणि हिरव्या सिंहाचे सांधे इतके सैल की उभा केला की हळूहळू पाय पसरून बसायचा, रात्रपाळी करून आल्यासारखा. फोटोत हे दिसतच नाही ना! फोटोसाठी दोन सेकंद उभा राहिला असणार बिचारा. परत पाठवला, त्यात तीन आठवडे गेले.

म्हणून यावेळी ठरवलं, हातात घेतल्याशिवाय पैसे नाहीत. दुकानात काचेच्या कपाटाला कुलूप असतं, स्टाफला बोलवावं लागतं, आणि चिठ्ठीवर सगळं लिहिलेलं असतं, खोका फाटलाय का, स्टिकर लावलेत का, काय केप्पिन आहे म्हणजे कुठला भाग नाहीये. त्या मुलीने एकेक तुकडा काउंटरवर मांडला, तलवारी, ढाल, मिसाईल्स सगळं मोजून दाखवलं, जिथे रंग उडालाय तिथे स्वतःहून बोट ठेवलं. मी प्रत्येक सांधा हळूच फिरवला. कटकट असा आवाज आला पाहिजे आणि सोडला तिथेच थांबला पाहिजे, बास. धातूला बारीक चिरा आहेत का तेही बघा, जस्ताच्या मिश्रणात शिसं वगैरे भेसळ राहिली तर ते वर्षांनी आतून फुगतं आणि तडकतं, त्याला औषध नाही.

अशा धातूच्या खेळण्यांना चोगोकिन म्हणतात, म्हणजे ‘महामिश्रधातू’. १९७४ ला पॉपीने माझिंगर झेड हा कार्टूनमधला रोबो काढला तेव्हापासून हे नाव चालू आहे, माझिंगर ज्या काल्पनिक धातूचा बनलाय त्याच्यावरूनच घेतलेलं. प्रत्यक्षात ते आपलं जस्तच. पण वजन बघा! काळा सिंह उचलला की खलबत्त्यातला बत्ता उचलल्यासारखा हात खाली जातो. आणि जोडताना त्याचा जबडा उघडतो, आतून रोबोचा चेहरा बाहेर, हे मी महिनाभरात किती वेळा केलं ते विचारू नका.

तक्रारी आहेतच. रोबो झाला की तो जवळजवळ पुतळा, गुडघे कंबर काही धड वळत नाही. पोझ द्यायची हौस असेल तर बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने २०१७ ला ‘सोल ऑफ चोगोकिन’ या आपल्या मालिकेत नवा गोलायन काढलाय तो घ्या, दिसायलाही कार्टूनच्या जास्त जवळ आहे. मी दोन्ही हाताळलेत आणि मला तरी जुनाच आवडला, नवा हाताळताना काहीतरी मोडेल अशी धाकधूक वाटते आणि जुना आपल्याच पायावर पडेल अशी.

खोका मी घेतला नाही. खोक्यासकटचा पीस शेजारीच होता, फरक इतका की त्यात पुण्याचं एक तिकीट आलं असतं, आणि खोक्याशी मी खेळणार थोडाच. विकायचाच विचार असेल तर मात्र खोका घ्या. मी इथला रहिवासी म्हणून टॅक्स फ्री पण नाही मिळालं, टुरिस्ट असाल तर पासपोर्ट न्या.

येताना तळघरातल्या डेली चिकोमध्ये आठ थरांचं सॉफ्टी खाल्लं, एका हातात ते आणि दुसऱ्या हातात पिशवी, ही चूक करू नका. पिवळ्या सिंहाचं एक स्टिकर कडेने उचललंय, गोंद लावायचा की तसंच राहू द्यायचं, रोज बघतो आणि रोज पुढे ढकलतो.